शिंजी आणि प्लॅटफॉर्म

रात्रीचा दीड वाजलाय, सकाळी ७ची लोकल पकडायचीये, आणि मी इव्हँजेलियन या जपानी रोबो-कथेच्या मांगाचा (म्हणजे जपानी कॉमिकचा) शेवटचा भाग संपवून टक्क जागा. झोप येत नाहीये तर लिहून काढतो. स्पॉयलर भरपूर आहेत, ज्यांना बघायचंय त्यांनी इथेच थांबा.

आधी तिची अ‍ॅनिमे मालिका बघितलेली, १९९५-९६ची, २६ एपिसोड, हिदेआकी आन्नोची. तेव्हा मला वाटलेलं रोबो म्हणजे धडाधड मारामारी. पण इथे त्या एव्हाला (म्हणजे त्या अवाढव्य रोबोला) पाठीत वायर लागते, वायर तुटली की फार तर ५ मिनिटं बॅटरी चालणार, बास. (माझा लॅपटॉप त्याहून बरा, ७ मिनिटं टिकतो.) आणि आत बसलेला १४ वर्षांचा शिंजी, ज्याला मुळात बसायचंच नाहीये.

मांगा योशियुकी सादामोतोची, कॅरेक्टर डिझाइनही त्याचंच. गंमत म्हणजे ती मालिकेच्या आधी सुरू झाली आणि संपली थेट २०१३ला! यातला शिंजी जरा तिरकस बोलतो, कमी रडतो. त्याच्या वर्गातला तोजी मालिकेत पाय गमावतो पण जगतो, इथे सरळ मरतोच. मी दोन दिवस पुढे वाचलंच नाही.

पण आज डोक्यात बसलंय ते वेगळंच. स्टेशन. मालिकेच्या चौथ्या एपिसोडमध्ये शिंजी सगळं सोडून निघालेला असतो, तो जिच्या घरी राहतो ती मिसातो धावतपळत स्टेशनवर येते, ट्रेन निघून जाते, तिला वाटतं गेला पोरगा, आणि बघते तर हा प्लॅटफॉर्मवरच उभा. दोघं कितीतरी वेळ काहीच बोलत नाहीत, मग तो हळूच म्हणतो, तादाइमा, म्हणजे आलो घरी. पुढेही त्याच्या मनात शिरलं की तो रिकाम्या ट्रेनच्या डब्यात बसलेला दिसतो, बाहेर संध्याकाळचं ऊन, आणि गाडी कुठेच पोचत नाही.

मग २०२१चा शेवटचा पिक्चर, रीबिल्ड म्हणजे नव्याने काढलेल्या पिक्चरांमधला चौथा. तो संपतो कुठे तर उबे-शिंकावा स्टेशनवर, खरंखुरं स्टेशन आहे ते, आन्नोच्या गावातलं. शिंजी मोठा झालाय, समोरच्या प्लॅटफॉर्मवर त्याच्यासारखेच एव्हा चालवणारे आसुका, रेई, कावोरू, आणि हा मारीचा (तीही पायलटच) हात धरून पळत बाहेर. तेव्हा मला राग आलेला, मारीच का म्हणून. अजूनही थोडा आहे.

आणि आज मांगा उघडली तर तिथेही स्टेशन! मालिकेत सेकंड इम्पॅक्ट नावाच्या महासंकटानंतर जपानमध्ये कायमचा उन्हाळा, सारखी सिकाडा किड्यांची किरकिर, आणि इथे शेवटी बर्फ पडतोय. शिंजी परीक्षेला टोकियोला आलाय, गच्च गाडीतून एका मुलीला उतरता येत नाहीये, हा तिला हात देऊन बाहेर ओढतो. आसुका. एकमेकांना ओळखत नाहीत. ती त्याच्यावरच उखडते, आणि मी इथे अंथरुणात येड्यासारखा हसतोय.

सादामोतो आणि आन्नो, दोघांनी वेगवेगळा शेवट केला, आठ वर्षांच्या अंतराने, आणि दोघांनीही पोराला शेवटी स्टेशनवरच नेलं. मुद्दाम की योगायोग, देव जाणे.

दोन वाजले. अलार्म लावला.