एकच जोडी

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं पत्र आलं आणि दोन दिवस मी नुसताच आठवत बसलो. स्नेहसंमेलन, कवायत, प्रार्थनेची रांग यांवर बाकीचे लिहितीलच. माझ्यापुरती शाळा म्हणजे भूमितीच्या बाई आणि त्यांचा समलंब चौकोन.

बाईंनी फळ्यावर व्याख्या लिहिली : ज्या चौकोनाच्या संमुख भुजांची एकच जोडी समांतर असते, तो समलंब चौकोन. ‘एकच’खाली दोन रेघा. मग आकृती काढायला मला उठवलं. मी समांतर भुजा काढल्या उभ्या. वर्ग खिदळला, “बाई, हा कलंडलाय!” बाई हसल्या नाहीत. “माना वाकड्या करून बघा, चौकोन तोच आहे,” म्हणाल्या, आणि सगळ्या वर्गाच्या माना खरंच वाकड्या झाल्या. माझी आकृती पुसली नाही, पुढचा तास तिच्यावरच घेतला. असमांतर भुजांचे मध्यबिंदू जोडले. तो रेषाखंड समांतर भुजांना समांतर आणि त्यांच्या बेरजेच्या निम्मा. त्याला उंचीनं गुणलं की क्षेत्रफळ. इथे उंची आडवी मोजायची म्हटल्यावर पुन्हा हशा! पण सूत्र पाठ करावं लागलं नाही, ते नाहीच.

धीर चेपला म्हणून मी विचारलं, दोन्ही जोड्या समांतर असल्या तर? सूत्र तर समांतरभुज चौकोनालाही चालतं. “उद्या सांगते,” बाई म्हणाल्या. मोठ्यांचं ‘उद्या’ म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी हजेरीच्याही आधी त्यांनी सांगायला घेतलं. काही जण ‘निदान एक जोडी’ अशी व्याख्या करतात, मग समांतरभुज चौकोनही समलंबच. पण पुढे अडतं. उरलेल्या दोन भुजा समान असल्या की समद्विभुज समलंब, असं म्हटलं तर प्रत्येक समांतरभुज चौकोन त्यात शिरतो, आणि त्याचे कर्ण काही नेहमी समान नसतात. म्हणून तिथे पायालगतचे कोन समान, अशी व्याख्या धरावी लागते. निम्म्या वर्गाच्या डोक्यावरून गेलं. माझ्याही. पण बाई रात्री माझा प्रश्न घेऊन बसल्या होत्या, एवढं मात्र नीट कळलं.

आज मी करारांचे मसुदे तपासतो. ‘एकच’ की ‘निदान एक’ यावरून परवाच तासभर वाद घातला आणि जिंकलो (ही बढाई बाईंच्या खात्यावर). मुलीच्या वर्गात आता पडद्यावर तयार आकृती येते, नेहमी लांब भुजेवर नीट बसलेली. मी ती उभी करून दाखवली, तर म्हणाली, “बाबा, असा नसतो.”

वार्षिक परीक्षेत समलंब चौकोनाची व्याख्या आली होती. मी मोठ्या ऐटीत दोन्ही लिहिल्या. बाईंनी अर्धा गुण कापला आणि समासात लाल शाईनं लिहिलं : ‘एकच मागितली होती.’