अण्णांची पत्रं पेवातून वर काढताना

अण्णांचा जुना संगणक सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात वरच्या खोलीत आहे. ‘वरच्या’ हे मुद्दाम सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमचा फ्रीज, दिवाण आणि गव्हाची कोठी खाली राहिली आणि अण्णांनी माझ्या भावाला आधी संगणक वर न्यायला लावला. धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे अंदाज घ्या. वहिनी ते अजून विसरलेली नाही.

गेल्या दिवाळीत त्या संगणकातून टिकटिक ऐकू यायला लागली. ती हार्ड डिस्कची. भाऊ म्हणाला, “आता द्या भंगारात.” अण्णा म्हणाले, “आणि पत्रं?”

अण्णा मेलला पत्रच म्हणतात. त्यांचं मार्केट यार्डात हळदीच्या अडतीचं दुकान होतं. २००२ साली दुकानात संगणक आला तो हिशेबासाठी, पण त्याचा खरा उपयोग झाला न्यू जर्सीतल्या धाकट्या काकांशी बोलायला. फोनचे दर तेव्हा परवडायचे नाहीत. २०१६ मध्ये काका गेले. व्यापाराच्या मेलांचं काय करायचं ते करा, असं अण्णांनी सांगून टाकलं होतं. काकांची पत्रं मात्र हवी होती, आणि ती कुठेतरी ‘इंटरनेटवर’ असतील या भ्रमात आम्ही सगळेच होतो.

ती नव्हती. सगळा पत्रव्यवहार आउटलुक एक्सप्रेसमध्ये होता. विंडोज एक्सपीपर्यंत हा प्रोग्राम संगणकासोबतच यायचा, पुढच्या व्हिस्टात त्याच्या जागी दुसरा आला. त्या काळी सर्व्हरवरची मेलपेटी एवढीशी असायची, म्हणून रिवाज असा की मेल उतरवून घ्यायचा आणि सर्व्हरवरचा पुसायचा. प्रत ठेवायची खूण करता यायची, आमच्याकडे कुणी ती केली नव्हती. त्यामुळे जगात त्या पत्रांची प्रत एकच, टिकटिक करणाऱ्या त्या डब्यात.

अण्णांना मी समजावलं की एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलमध्ये भरलेले असतात. इनबॉक्सची एक फाइल, पाठवलेल्यांची एक, प्रत्येकीच्या शेपटाला डीबीएक्स. त्या प्रोग्रामशिवाय ती उघडत नाही.

“म्हणजे पेवच की,” अण्णा म्हणाले.

हरिपूरची पेवं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी: सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात जमिनीखाली खोल खड्डे करून हळद साठवायचे. तोंड अरुंद, पोट मोठं. वर्षानुवर्षं माल राहायचा, किडायचा नाही. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, आत हवा आहे का ते दिवा सोडून बघायचं. २००५ च्या पुरात बहुतेक पेवांत पाणी शिरलं आणि तो धंदाच संपल्यात जमा झाला. अण्णांची उपमा इतकी चपखल बसली की पुढे दोन महिने मी दर रविवारी मिरजेहून यायचे ते “पेवाचं काम करायला”.

दिवा सोडायचा, म्हणजे आधी फाइलींची प्रत काढायची. त्या फाइली एका लपलेल्या फोल्डरात, कंसातल्या लांबलचक आकड्यांच्या आड असतात. शोधत बसू नका. टूल्स, ऑप्शन्स, मेंटेनन्स, मग स्टोअर फोल्डर असं गेलं की पत्ता समोर येतो. तो उघडायला सांगितला, पेन ड्राइव्हवर सगळं उतरवलं, वीसेक मिनिटं श्वास रोखून बसले. टिकटिक चालूच.

आउटलुक एक्सप्रेस बंद करताना खिडकी आली: जागा मोकळी करण्यासाठी मेल दाबून बसवू का? शंभर वेळा बंद केलं की तो हे विचारतो. माझं बोट ‘ओके’वरच होतं. नाही म्हटलं ते बरं केलं. त्या कामात प्रोग्राम सगळी फाइल नव्याने लिहितो, आणि आजारी डिस्कवर, त्यातून आमच्या भागात लाइट कधी जाईल याचा नेम नसताना, तो जुगार होता. शिवाय पुसलेला मेल दाबून बसवेपर्यंत फाइलमध्ये पडूनच असतो, पुढेमागे तो काढायची वेळ आली तर जागा हातची जायला नको.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग लक्षात आलं की यात २००५ नाही.

दुकानातला पहिला संगणक २००६ मध्ये बंद पडला होता. तेव्हा दुरुस्तीवाल्याने जुने मेल एका सीडीवर काढून दिले होते. अण्णांनी ती सीडी दुकानाच्या खातेवह्यांबरोबर लोखंडी कपाटात ठेवलेली, वर त्यांच्या अक्षरात ‘पत्रे’. माझ्या लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्ह नाही. जुन्या संगणकाला आहे, पण त्याचा ट्रे बाहेर येईना. ट्रेच्या खाली टाचणीएवढं भोक असतं, त्यात तार खुपसली की तो हाताने ओढता येतो. तार म्हणून आईची केसांची पिन सरळ केली.

सीडी वाचली गेली. फाइली दिसल्या. आउटलुक एक्सप्रेसला ‘या फोल्डरमधून मेल घे’ म्हटलं तर उत्तर आलं की इथे एकही मेल सापडला नाही, किंवा दुसरा प्रोग्राम या फाइली वापरतोय. फाइल चारशे एमबीची, आणि मेल एकही नाही? एक अख्खा रविवार या वाक्यावर गेला. सीडी खराब झाली असं मी धरून चालले आणि अण्णांना सांगायचं कसं याच्या विचारात जेवलेही नाही. कारण हास्यास्पद निघालं. सीडीवर लिहिलेल्या फाइलवर ‘फक्त वाचण्यासाठी’ असा शिक्का बसतो. ती डिस्कवर कॉपी केली तरी आमच्या फाइलींवर शिक्का तसाच राहिला होता, आणि ज्या फाइलवर लिहिता येत नाही तिला हा प्रोग्राम हातच लावत नाही. फाइलवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, ‘रीड ओन्ली’ची खूण काढली. पाच मिनिटांत २००२ ते २००५ आत.

अण्णांना मी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “मग? मी म्हटलंच होतं सीडी चांगली आहे.”

पत्रं पुढे ठेवायला मेलचा दुसरा प्रोग्राम म्हणून मी थंडरबर्ड घेतला. फुकट आहे आणि त्याच्या फाइली साध्या मजकुराच्या असतात, एक मेल संपला की त्याखाली दुसरा. उद्या थंडरबर्ड नसला तरी नोटपॅडमध्ये उघडून निदान डोकावता येईल. एकदा पेवात अडकल्यावर हा विचार आपोआप येतो. अडचण एवढीच की आत्ताच्या आवृत्तीला आउटलुक एक्सप्रेसची भाषा कळत नाही. जुन्या आवृत्त्यांत मेल थेट ओढून घ्यायची सोय होती, पुढे ती काढली. म्हणून जुनी आवृत्ती माझ्या लॅपटॉपवर उतरवून पेन ड्राइव्हने एक्सपीवर नेली. एक्सपीचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवला, तेव्हा त्या संगणकाला नेटची वायर लावायची नाही हे ठरलेलंच होतं.

ओढून घेतल्यावर मोजणी. हे कुणी करत नाही आणि इथेच फसगत होते. आउटलुक एक्सप्रेसमध्ये फोल्डरवर टिचकी दिली की खाली आकडा दिसतो. सगळे आकडे आधीच वहीत लिहून ठेवले होते. पाठवलेल्या पत्रांत तीन कमी भरली. तारखा लावून शोधली आणि ती तीन एकेक करून माउसने डेस्कटॉपवर ओढली. ओढलं की प्रत्येक मेलची ईएमएल नावाची सुटी फाइल होते आणि ती थंडरबर्डच्या फोल्डरात टाकता येते. माल कमी असेल तर ही सुटी वाहतूकच बरी.

मग थंडरबर्डच्या प्रोफाइलमधल्या त्या साध्या फाइली लॅपटॉपवर ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ठेवल्या. सोबतच्या एमएसएफ शेपटाच्या सूचीच्या फाइली घेतल्या नाहीत, त्या तो स्वतः नव्याने बनवतो. प्रोग्राम उघडला, सगळे फोल्डर ओळीने उभे. मी अण्णांना हाक मारली, काकांचं पत्र उघडलं आणि पडद्यावर आलं ते मराठी नव्हतं. रोमन अक्षरं, डॉलर, कंस, टोपीवाले ए. अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

आता वाटतं, खरं काम इथून सुरू झालं. आधीचं सगळं हमालीचं.

दोघे भाऊ श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये लिहायचे. त्या काळच्या या फॉन्टांत ‘क’ हा क नसतोच. संगणकाच्या लेखी ते एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं, फक्त त्याचं चित्र देवनागरीचं काढलेलं. फॉन्ट आहे तोवर मराठी, नाही तर शिवीगाळ. जुन्या संगणकाच्या फॉन्ट फोल्डरातून तो फॉन्ट आणून बसवला आणि थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये ‘मेलला स्वतःचा फॉन्ट वापरू द्या’ ही खूण आहे ना ते पाहिलं. बरीचशी पत्रं लगेच बोलू लागली. २००५ च्या ऑगस्टमधलं अण्णांचं पहिलंच उघडलं: पेवांत पाणी गेलंय, तोंडं दिसत नाहीत, माणसं ठीक आहेत, हळदीचं विचारू नकोस.

पण त्या पत्राची तारीख जानेवारी २००२ होती. पूर जुलै-ऑगस्टचा. ही गफलत दुकानातल्या त्या पहिल्या संगणकाच्या आतल्या नाण्याएवढ्या बॅटरीची. ती मेली की घड्याळ मागे जाऊन बसतं. आलेल्या मेलवर पाठवणाऱ्याच्या घड्याळाची तारीख असते, त्यामुळे काकांची पत्रं बरोबर होती आणि अण्णांचीच चुकलेली. तारखेने लावलं तर अण्णा प्रश्न यायच्या आधी तीन वर्षं उत्तर देताना दिसायचे. मेल संभाषणाप्रमाणे लावायची सोय थंडरबर्डमध्ये आहे. उत्तराच्या पोटात मूळ मेलचा क्रमांक असतो, त्यावरून तो उत्तराला प्रश्नाखाली बसवतो, तारीख काहीही असो. ते केल्यावर दोघे पुन्हा एकमेकांशी सरळ बोलायला लागले.

तरी शोध चालेना. ‘पेव’ टाइप केलं तर एकही पत्र नाही, कारण आतमध्ये ते ‘पेव’ नाहीच. म्हणून पत्रं युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे ‘क’ हा कच असतो त्या आजच्या पद्धतीत, रूपांतरित करायचं ठरवलं. रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात, मात्र श्रीलिपीच्या फॉन्टांचे क्रमांक वेगवेगळे असतात आणि क्रमांक चुकला की ‘हळद’चं भलतंच होतं. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, रफार नंतर. युनिकोडला उलट क्रम लागतो, आणि जोडाक्षर आलं की यंत्र हमखास चुकतं. काका मधेच इंग्रजी शब्द लिहायचे, त्यांचाही देवनागरी चेंदामेंदा व्हायचा. प्रत्येक पत्र हाताने तपासावं लागलं. मी टाइप करायचे, अण्णा शेजारी मूळ पत्र वाचून सांगायचे. कंटाळवाणं काम आहे असं मी म्हणणार होते, पण ते अण्णांसमोर म्हणता आलं नसतं. एका पत्रात काकांनी तिकडच्या दुकानातल्या हळदीची पुडी उघडून तिच्या रंगाला नावं ठेवली होती. ते वाचताना अण्णा इतके हसले की वहिनी वर बघायला आली.

“मूळ पुसू नकोस,” एवढं त्यांनी बजावलं. “हे यंत्राने केलेलं आहे.” म्हणून दोन्ही ठेवली: मूळ पत्रं जशीच्या तशी एका फोल्डरात, युनिकोडमधली दुसऱ्यात, आणि दोन्हींची एक प्रत भावाकडे पुण्याला. आता ‘पेव’ टाइप केलं की पत्रांची रांग लागते.

एकोणीस पत्रं मात्र हाती लागली नाहीत. काकांनी ती ऑफिसातल्या संगणकावरून पाठवली होती. वाटेत कुठल्या तरी सर्व्हरला ती चिन्हं ओळखता आली नाहीत आणि त्याने प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं, मधे कुठे रोमन लिपीतली एखादी तारीख किंवा डॉलरचा आकडा. हे फॉन्टने सुटत नाही, कशानेच नाही, मूळ अक्षर फाइलमध्ये उरलेलंच नाही. मी म्हटलं, “अण्णा, ही पुसून टाकू का?”

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. नवा फोल्डर कसा करायचा ते विचारलं, एका बोटाने अक्षरं शोधत नाव टाइप केलं आणि एकोणीसच्या एकोणीस पत्रं त्यात टाकायला लावली. फोल्डरचं नाव आहे ‘भिजलेला माल’.