आज घरातली आपत्कालीन पिशवी भरली

२३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत लोक झोपेत असतानाच पाणी शिरलं. अशा वेळी शोधाशोध करायला सवड मिळत नाही. म्हणून आज पिशवी भरून दाराजवळच्या खुंटीला लावली.

पाणी मात्र पिशवीत मावत नाही. माणशी दिवसाला ४ लिटर, निदान ३ दिवसांचं. म्हणजे चौघांना ४८ लिटर. कॅन उंचावर ठेवा, जमिनीवर नको. पुराचं पाणी झाकणापर्यंत चढलं की आतलं पाणीही वाया.

टॉर्चमध्ये सेल घालून ठेवू नका. आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ते पाझरतात, स्प्रिंगवर पूड चढते आणि ऐनवेळी टॉर्च लागतच नाही. सेल वेगळ्या डबीत ठेवायचे. पॉवर बँक दर तीन महिन्यांनी चार्ज करा.

बीपी-शुगरच्या गोळ्या आठवडाभराच्या. नवी पाकिटं आली की पिशवीतली आधी वापरायची. इन्सुलिन फ्रीजमध्येच राहणार, म्हणून पिशवीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा: ‘इन्सुलिन घ्या’. कागदपत्रांच्या प्रती प्लास्टिकच्या पाऊचमध्ये, नातेवाइकांचे नंबर कागदावर लिहून. फुटाणे, गूळ, ओआरएस, शिटी.

आणि हे घरातल्या प्रत्येकाला दाखवाच, पोरांनाही: मेन स्विच कुठे आहे, गॅसचा रेग्युलेटर कसा बंद करायचा. स्विच कोरड्या हातांनी, कोरड्या जागी उभं राहूनच पाडायचा. पायाखाली पाणी आलं असेल तर बोर्डाला हात लावायचा नाही, बाहेर पडायचं आणि ११२ लावायचा.