गॅदरिंग का सोडलं? तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, गॅदरिंगचं का सोडलंत हो तुम्ही?"

एसटीत विचारतात. लग्नाच्या पंगतीत विचारतात. परवा कराडला डोळे तपासायला गेले होते, तिथे नंबर लावून बसलेल्या एका माजी विद्यार्थ्याच्या आईने विचारलं. मी गुडघ्यावर हात ठेवते आणि म्हणते, "आता होत नाही चार-चार तास उभं राहणं." समोरची बाई हळहळते आणि स्वतःच्या गुडघ्यांचं सांगायला लागते. माझी सुटका होते.

गुडघे दुखतात, खोटं नाही. पण ते २०१२ पासून दुखतायत, आणि त्याच गुडघ्यांवर मी जानेवारी २०२० मध्ये पाचवीच्या पोरींचं शेतकरी नृत्य बसवलं होतं, भातलावणी कशी करतात ते स्वतः वाकून दाखवत. एकवीस वर्षं सलग केलं. म्हणजे कारण गुडघे नव्हेत, हे हिशेब जमणाऱ्या कुणालाही कळायला हवं होतं. कुणाला कळलं नाही, किंवा कळूनही गप्प बसले. म्हणून एकदाचं लिहून टाकते. पुन्हा विचारू नका.

गॅदरिंग म्हणजे काय ते सांगत बसत नाही. कराडहून भाड्याने येणारी ड्रेपरी, ऐनवेळी बंद पडणारा जनरेटर, शेलापागोटे वाचताना सरांचं लालेलाल झालेलं तोंड, हे सगळं तुम्ही बघितलंय. तुमच्यातले निम्मे त्या स्टेजवर नाचलेत. मला सांगायचंय ते २०२०-२१ सालचं, आणि त्यातही एका ४८ सेकंदांच्या व्हिडिओचं.

आमचं कोयनेचं खोरं. घरटी एक माणूस मुंबईत. मार्चमध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच, आणि मे महिन्यात मुंबईची माणसं गावाकडे आली. त्यांना चौदा दिवस ठेवायला शाळेशिवाय जागा नव्हती. बाक भिंतीला लावून वर्गांत गाद्या टाकल्या. पोरं कुंपणापाशी डबा ठेवायची आणि लांब जाऊन उभी राहायची. सहावीतला एकजण फोनवर मला सांगत होता, "बाई, पप्पा माझ्याच वर्गात हायत. खिडकीतनं हात करत्यात." त्याला त्याची मजाच वाटत होती. त्या माणसांतले एक आजोबा पुढे कराडच्या दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. त्यानंतर आमच्या मोठ्या सरांनी फाटकाला कुलूप घातलं आणि सांगितलं, परवानगी नसलेलं एकही पोर आवारात दिसता कामा नये. ते घाबरले होते. आम्ही सगळेच घाबरलो होतो.

("दोन वर्षं घरी बसून पगार घेतलात ना?" हाही एक प्रश्न मला विचारतात. घाटातल्या नाक्यावर गाड्यांचे नंबर लिहीत रात्री काढल्या, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'त लोकांच्या कपाळाला ताप मोजायची बंदूक लावत वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या, पोषण आहाराचे तांदूळ मोजून दिले. बास. यापुढे त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.)

'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असं सरकारने म्हटलं होतं. थोडंफार झालंही. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची. ज्यांच्या घरी टीव्ही आणि वीज दोन्ही एका वेळी असायची ती पोरं बघायची. गृहपाठाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर यायचे, ते मी बोटांनी मोठे करून तपासायचे. २३ नोव्हेंबरपासून नववीच्या पुढचे वर्ग भरायला परवानगी मिळाली. आमची नववी-दहावी सुरू झाली, एका बाकावर एक, पालकांचं संमतीपत्र घेऊन. पाचवी ते आठवी घरीच.

अशात ऑनलाइन स्नेहसंमेलनाचं खूळ माझं. मोठे सर म्हणत होते, "कशाला मॅडम? एक वर्ष नाही झालं तर काय बिघडलं?" मी ऐकलं नाही. पोरं मिटून गेलीत, त्यांना काहीतरी हवंय, असं मी तावातावाने बोलले. ते खरंच होतं. पण एकवीस वर्षांत एकदाही खंड पडला नव्हता आणि तो माझ्या हातून पडायला नको होता, हेही तितकंच खरं. सरांना मी पहिलं कारण सांगितलं.

मग ग्रुपवर मेसेज टाकला. तो अजून माझ्याकडे आहे, शब्दन् शब्द देते: "लेझीम. प्रत्येकाने एक मिनिटाच्या आतला व्हिडिओ पाठवावा. मोबाईल आडवा धरावा. लेझीम नसल्यास हातात काहीही चालेल. मागे स्वच्छ भिंत असावी. पसारा, जनावरे, घरातील माणसे दिसू नयेत." पुढे दोन जोडलेले हात.

स्वच्छ भिंत. आमच्या भागात किती घरांत एक अख्खी, मोकळी, स्वच्छ भिंत असते? मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. जून महिन्यात पोरांची नावं घालायला दारोदार फिरते ती मीच. तेव्हा वाटलं, मी पोरांची लाज राखतेय. स्टेजवर सगळी सारखी दिसतात. मागचा मखमली पडदा शाळेचा असतो, त्यामागे कुणाचं घर कसलं आहे ते कुणाला दिसत नाही. या वेळी तो पडदाही मी पोरांनाच घरून आणायला सांगितला होता, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

पोरांनी आणला. एकीने आईचा ठेवणीतला शालू दोरीवर टाकला होता. एकाच्या मागे गोधडी होती आणि गोधडीखालून म्हशीचं शेपूट फिरत होतं. लेझमा शाळेच्या कोठीत कुलपात, त्यामुळे कुणी उलथणं घेतलं, कुणी किल्ल्यांचा जुडगा. एकाने वाळलेल्या गुलमोहराच्या शेंगा घेतल्या होत्या, त्या इतक्या छान वाजत होत्या की मी तो व्हिडिओ चारदा ऐकला.

आणि एके रात्री नऊ-चाळीसला तिचा आला. सातवीतली. नाव सांगणार नाही. वडील दुधाच्या टेम्पोवर, घरातला मोबाईल त्यांच्याबरोबर दिवसभर फिरायचा आणि रात्री घरी यायचा. पण व्हिडिओ दिवसा काढलेला होता, म्हणजे त्या दिवशी तिने मोबाईल घरी ठेवून घेतला असणार. गणवेश घातला होता. नऊ महिन्यांत तो आखूड झाला होता, मनगटं बाहेर आली होती. हातात लेझीम होती. खरीखुरी नव्हे: कळकाची कांब वाकवून, तारेत बाटल्यांची बुचं ओवलेली. ती खळाखळा वाजत होती, आपल्या लेझमेपेक्षा जरा जाड आवाजात. पायाची एकही चूक नाही. आणि मागे भिंत होती, स्वच्छ, पिवळी, तिच्यावर महाराष्ट्राचा नकाशा. रत्नागिरीच्या खाली पोपडा निघालेला.

तो आमच्या शाळेचा व्हरांडा होता.

पाण्याच्या टाकीमागे कुंपण पडलंय, तिथून आत आली होती. तिला ठाऊक असलेली स्वच्छ भिंत तेवढी एकच असावी. शेवटी मोबाईल धरलेल्या भावाचा आवाज येतो, "बास, बास, कोण तरी येतंय," आणि चित्र एकदम आडवंतिडवं होऊन संपतं.

तो व्हिडिओ घेता आला नाही. लोकांना सांगताना मी इथे मोठ्या सरांचं नाव पुढे करते. सरांचा नियम होता, वरून विचारणा झाली असती, सातवीचं पोर आवारात दिसलं असतं तर नोटीस आली असती. पण सरांनी तो व्हिडिओ बघितलाच नव्हता. मी दाखवला नाही. ते "नको" म्हणतील असं मी धरून चालले. की "असू दे" म्हणाले असते तर जबाबदारी माझ्यावर आली असती, म्हणून दाखवला नाही? काही दिवस मला पहिलं खरं वाटतं, काही दिवस दुसरं.

व्हिडिओ जोडायचं काम आमचाच एक माजी विद्यार्थी करत होता, कराडला लग्नाच्या शूटिंगवर असतो. एका वेळी पडद्यावर नऊ चौकटी, असे पाच पडदे, ४५ पोरं. तिला वगळल्यावर ४४ राहिली. त्याने फोन केला, "मॅडम, शेवटच्या पडद्यात एक चौकट काळी दिसतेय. काय टाकू?" मी म्हटलं, "शाळेचं बोधचिन्ह टाक."

९ जानेवारी २०२१, शनिवार, संध्याकाळी सात. गावागावांतून कौतुकाचे मेसेज आले. मुंबईहून आले. एकीने दुबईहून टाकला. मी घरी सगळ्यांना भजी तळून घातली.

साडेनऊला त्या टेम्पोवाल्याच्या नंबरावरून आवाजी मेसेज आला. मागे आजीचं आणि बऱ्याच जणांचं बोलणं ऐकू येत होतं, शेजारीपाजारी जमले असावेत. तिने विचारलं होतं, "बाई, माझं कितव्या मिनिटाला हाय?"

रुसवा नाही, तक्रार नाही. नेट मधेच जात होतं, तेवढ्यात आपलं निघून गेलं असणार, असा तिचा समज. मिनिट कळलं की तिथून लावून आजीला दाखवता येईल.

मी लिहिलं, "बाळा, तुझी फाईल उघडलीच नाही गं."

पाच मिनिटांत तिने व्हिडिओ परत पाठवला. "आता उघडतंय का?" मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी रात्री परत. तिसऱ्या दिवशी परत, "भावानं लहान करून दिलाय." तेव्हा मी लिहिलं, "हो, आता उघडला. छान केलंस." कार्यक्रम होऊन तीन दिवस झाले होते. तिने अंगठा पाठवला.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. कुणी मेलं नाही. कुणाची शाळा सुटली नाही. त्या साली आमच्याच भागात पोरींची लग्नं उरकली गेली, घरंच्या घरं गेली. त्यापुढे एक वगळलेली लेझीम म्हणजे काय? मी स्वतःला हे खूपदा ऐकवलंय. तेव्हाची मीही मला ऐकवते: आज बोलायला तुझं काय जातंय, तेव्हा शेजारच्या गावात शिक्षक पॉझिटिव्ह निघाले म्हणून नववी-दहावी परत बंद झाली होती, एका व्हिडिओपायी आपली बंद झाली असती तर? तिचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. पण मी तिला विचारते, चौकट केवढीशी होती? त्यात भिंत कुठली ते कोण ओळखणार होतं? कडेने कापून घेता आली असती. त्यावर ती म्हणते, कापायचं सुचलं नाही, रात्रीचा एक वाजला होता. बरं, पण फाईल उघडत नाही हे कसं सुचलं? एका क्षणात सुचलं.

अठरा दिवसांनी, २७ जानेवारीला, पाचवी ते आठवीला शाळेत यायला राज्याने परवानगी दिली. ती आली. त्याच व्हरांड्यात, त्याच नकाशासमोर तिला रांगेत उभं करून मी तिच्या कपाळाला बंदूक धरली. ९६ पॉइंट काहीतरी. "आत जा." थोड्याच दिवसांत परत सगळं बंद झालं.

पुढचं गॅदरिंग खऱ्या स्टेजवर झालं ते जानेवारी २०२३ मध्ये. मोठ्या सरांनी नेहमीप्रमाणे वही माझ्यासमोर ठेवली. लेझीम पथकाची नावं लिहायला मी पेन उघडलं, आणि मग म्हटलं, सर, गुडघे. नव्या सरांकडे द्या. ती तेव्हा नववीत होती. नाचली नाही. माझ्यामुळे नाचली नाही असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. नववीत पुष्कळ पोरी लाजून मागे होतात. प्रेक्षकांत बसून मैत्रिणींसाठी शिट्ट्या मारत होती, तेही जोरात.

दहावीचा निकाल लागल्यावर २०२४ च्या जूनमध्ये ती दाखला न्यायला आली. अकरावी सायन्स घेणार म्हणाली. क्लार्क जेवायला गेले होते, म्हणून माझ्या टेबलापाशी बसली. मी ठरवलं, आज सांगायचं. ती सहजच म्हणाली, "बाई, तुम्ही गॅदरिंग का वो सोडलं?"

मी म्हटलं, "गुडघे गं."

"आजीचंबी लई दुखत्यात," ती म्हणाली. "करंजाचं तेल लावते. फरक पडतोय तिला."

दुसऱ्या दिवशी भावाच्या मोटरसायकलवरून मुद्दाम आली आणि शिपायाकडे बाटली ठेवून गेली. मोसंबी सोड्याची बाटली, बूच घट्ट बसवून वर प्लॅस्टिक बांधलेलं. वास उग्र आहे, पण फरक पडतो.