पोसोले: पानवाल्याचा चुना आणि टपोरा मका

पोसोले म्हणजे मका आणि मांसाचं मेक्सिकन सूप. pozole हे स्पेलिंग बघून आपण 'पोझोले' म्हणतो, पण मेक्सिकोत झेडचा उच्चार 'स' होतो. म्हणून पोसोले. शेवटचा 'ए' मात्र गाळू नका. 'पोसोल' हे मेक्सिकोतल्याच चियापास आणि ताबास्कोकडचं मक्याच्या पिठाचं पेय, ते या सूपाहून वेगळं.

लाल, पांढरं, हिरवं असे तीन प्रकार. गेरेरो राज्यात हिरवं पोसोले गुरुवारी खायची पद्धत आहे. आपल्याकडे गुरुवार पाळणाऱ्यांची पंचाईतच. इथे लाल घेतलंय, कारण लालबागच्या मिरची गल्लीत त्याची निम्मी सोय होते.

पण आधी मका. तिकडचा काकाउआसिंत्ले मोठ्या, पिठूळ दाण्यांचा असतो, तो मुंबईत सहज मिळत नाही. धान्याच्या दुकानातला सुका, अख्खा पांढरा मका घ्या, जितका टपोरा तितका बरा. स्वीट कॉर्न कोवळा असतो, त्याचा लगदा होतो. पॉपकॉर्नचा दाणा इतका कडक की तासन्‌तास शिजवूनही फुलत नाही. पेरणीचं रंगीत बियाणं तर अजिबात नको, त्याला औषध चोळलेलं असतं.

अर्धा किलो मक्याला पानवाल्याकडचा साधा ओला चुना दोन सपाट चहाचे चमचे. रंगाच्या दुकानातला चुना चालणार नाही. स्टीलच्या पातेल्यात दोन लिटर पाण्यात चुना विरघळवा, मका टाका. मका लगेच पिवळा पडतो, घाबरू नका. अॅल्युमिनियमचं भांडं टाळा, चुना ते खातो. मंद आचेवर पाऊण तास ठेवा. दाणा चिमटीत चोळल्यावर साल बुळबुळीत होऊन सुटली पाहिजे. झाकून रात्रभर ठेवा. सकाळी चार-पाच पाण्यांत खसाखसा चोळून धुवा. इथे आळस केला की रस्सा साबणासारखा लागतो आणि सालं दातात अडकतात.

मग कंटाळवाणं काम: दाणा कणसाला जिथे चिकटलेला असतो, ते टोक सुरीने काढायचं. टोक राहिलं तरी मका शिजतो, पण फुलासारखा उमलत नाही. पाहुणे येणार नसतील तर हे वगळा.

स्वच्छ पाण्यात, मिठाशिवाय, दोन-तीन तास शिजवा. चुना पूर्ण धुतला गेला असेल तर कुकरही चालतो: एक शिट्टी, मग बारीक गॅसवर चाळीस मिनिटं. दाणे उमलले की मीठ.

इथे मटण म्हणजे पोर्क. हाडासकट खांदा पाऊण किलो आणि एक पाया. पायामुळे रस्सा ओठांना चिकटतो. कांदा, लसणाचा एक गड्डा आणि पाणी घालून दीड-दोन तास, फेस काढत. पोर्क नको तर गावरान कोंबडी घ्या, मेक्सिकोतही कोंबडीचं पोसोले करतात.

गुआहियो या सुक्या मेक्सिकन लाल मिरचीच्या जागी बारा-पंधरा ब्याडगी. बिया काढा, तव्यावर जेमतेम वास सुटेपर्यंत भाजा. काळी झाली की रस्सा कडू. गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून सहा लसूण पाकळ्या आणि अर्ध्या कांद्याबरोबर वाटा. वाटण गाळाच, ब्याडगीची साल कागदासारखी तशीच राहते. दोन मोठे चमचे तेलात आठ-दहा मिनिटं परता, रंग गडद झाला की रश्श्यात घाला. मका आणि सुट्टं केलेलं मटण टाकून आणखी अर्धा तास. हळद, धणे-जिरे, गरम मसाला यांकडे हात जाईल. जाऊ देऊ नका, चुन्यातल्या मक्याचा वास मरतो.

वरून घालायचं ते वाडग्यात कच्चंच: बारीक चिरलेला कोबी, मुळ्याच्या पातळ चकत्या, कांदा, चिमूटभर ओरेगॅनो, भरपूर लिंबू. पिझ्झाच्या पुडीतला ओरेगॅनो वेगळ्या झाडाचा, पण चालवून घ्या. ओवा नको.

उरलेलं फ्रीजमध्ये खिरीसारखं घट्ट होतं. वाटीभर गरम पाणी घालून उकळा आणि मीठ पुन्हा चाखा.