नोंद: मेलेली इम्पॅक्ट गन आणि नवीन हत्यार घेण्याआधीचा माझा एकच प्रश्न

अर्धा इंची इम्पॅक्ट गन (हवेच्या दाबावर नट-बोल्ट सोडवायचं हत्यार) मेली असं मी ठरवूनच टाकलं होतं. ट्रिगर दाबला की मागून हवा फुसफुसायची, पण सॉकेट जागचं हलायचं नाही. नवी घेण्याआधी उघडून तरी बघू म्हटलं.

मागचं झाकण चार ऍलन बोल्टवर. रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, काढला तर त्याच्या सहापैकी दोन पाती खाचेत अडकलेली आणि सिलिंडरच्या आत गंजाचा पातळ थर. ही पाती फेनॉलिक राळ आणि कापडाच्या थरांची असतात. रोटर फिरताना ती बाहेर फेकली जाऊन सिलिंडरच्या भिंतीला टेकली पाहिजेत. नाही टेकली तर हवा नुसतीच निसटते. चूक माझी होती. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडायचा कंटाळा, आणि तेल म्हणून हाताशी असलेलं इंजिन ऑइल. जाड तेलाचा चिकटा होतो आणि पाती त्यात रुततात. आता हवेच्या हत्यारांसाठीचं पातळ तेलच वापरतो, कामाआधी चार-पाच थेंब.

नवीन पाती घालून जोडली, तरी गन अशक्तच! पुन्हा उघडली. एक पातं उलटं बसवलं होतं. या गनमध्ये सरळ कड भिंतीकडे आणि कापलेले कोपरे खाचेत हवेत. काढताना फोटो काढला असता तर एक संध्याकाळ वाचली असती.

दुसरी एक स्वस्त गनही पडून होती. तिचं मागचं झाकण दाबून बसवलेलं, सुट्या भागांचा तक्ताच नाही. टॉर्कचा, म्हणजे पिळण्याच्या जोराचा, आकडा मात्र पहिलीपेक्षा मोठा! ती आता भंगारात. तेव्हापासून कुठलंही हत्यार घ्यायचं म्हटलं की आधी त्याचा सुट्या भागांचा तक्ता मागतो आणि पाती, गॅस्केट, ओ-रिंग वेगळी मिळतात का ते विचारतो. टॉर्क नंतर.

हवेच्या खपाचा आकडाही जपून वाचावा लागतो. बऱ्याचदा तो अधूनमधून ट्रिगर दाबण्याचा सरासरी खप असतो. इम्पॅक्ट गनला ते चालून जातं, कारण तिचं काम झटक्याझटक्याचं. डाय ग्राइंडर (हातात धरून धातू घासायचं छोटं हत्यार) किंवा सँडर मिनिटंमिनिटं सलग चालतो; तिथे सलग खपाचा आकडा बघितला नाही तर कॉम्प्रेसर धापा टाकतो.

दाबाचीही एक गंमत. हत्यारावर 90 पीएसआय (दाबाचं एकक) लिहिलेलं असतं, म्हणजे सुमारे 6.2 बार, पण हा दाब हत्यार चालू असताना, हत्याराच्या तोंडाशी हवा. मी होजच्या टोकाला गेज लावला: ट्रिगर सोडलेला असताना 90, दाबल्यावर 68. पाव इंची होज काढून 3/8 इंची लावला आणि कपलर, म्हणजे होज जोडायचा तुकडा, तोही मोठ्या भोकाचा घेतला. आता 84. तीच गन, पण वेगळीच वाटते.

सध्या टेबलावर डाय ग्राइंडर आहे. मागचं बेअरिंग गुरगुरतंय, पण त्यावर 608 कोरलंय, म्हणजे 8 मिमी आत, 22 बाहेर, 7 जाडी. हे कुठेही मिळतं. रबरी सीलचं घेणार नाही, मिनिटाला 20,000 फेऱ्यांवर ते तापतं. धातूच्या झाकणांचं मागवलंय. आलं की बसवून बघतो.