मोडनिंबची अडीच फुटी गाडी

आज पंढरपूरला जाताना गाडी मोडनिंबला थांबली आणि मी दोन मिनिटं खाली उतरलो. लांबलचक फलाट, डोक्यावर विजेच्या तारा. बरं वाटलं बघून.

आमच्या लहानपणी इथं अडीच फुटांचे रूळ होते, बार्शी लाइट रेल्वेचे. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झालेली ही लाइन १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत आली. केल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ नये अशा बेतानं ती आखली होती, म्हणून हलके रूळही पुरले. केवढं डोकं लावलं असेल!

शाळा सुटली की आम्ही पोरं दप्तरासकट स्टेशनात. इंजिन थांबलं की आमचा सगळा जीव फायरमनकडे. भट्टीचं दार उघडलं की त्याचा काळवंडलेला चेहरा एकदम तांबडालाल व्हायचा, फावडंभर कोळसा आत, दार बंद, पुन्हा काळा. पुढं जायच्या परवानगीचं टोकन अडकवलेली कडी स्टेशन मास्तर उंच धरायचे, तिच्यात ड्रायव्हर हात घालायचा तेव्हा आम्ही श्वास रोखून बघायचो. एवढं थोर काम जगात दुसरं नाही, असंच वाटायचं. मला अजूनही वाटतं.

आषाढीला टपावरसुद्धा वारकरी. गाडी दिसायच्या आधी टाळ ऐकू यायचे.

ब्रॉडगेज झालं ते चांगलंच झालं, लोकांची सोय झाली. पण त्या छोट्या गाडीवर माझा फार जीव होता. आपल्या भागातल्या कुणाकडे तिचे जुने फोटो असतील तर नक्की पाठवा, पोरांना दाखवायचेत.